कडब्याआडचे पाच कॅन

कमठाण्याच्या गुंडेरावांना गाडी चालवताना भीती वाटते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला, सावित्रीबाईला, थोडा अंदाज होता. पण तिने तो कधी बोलून दाखवला नाही.

भीतीचं कारण जुनं होतं. ब्याण्णव साली ते हैदराबादला गेले आणि नऊ वर्षं तिथे ट्रक चालवला. सत्त्याण्णवमध्ये जहीराबादच्या अलीकडे एका चढावर ट्रकचं इंजिन अचानक बंद पडलं. डिझेलमध्ये भेसळ होती, असं पुढे कळलं. भरलेला ट्रक मागे घरंगळायला लागला. मागून एक म्हातारा सायकल हातात धरून चढ चढत होता. चाक रस्त्याकडेच्या दगडाला अडलं तेव्हा म्हाताऱ्यात आणि ट्रकच्या फाळक्यात हातभर जागा उरली होती. म्हातारा सायकल ढकलत निघून गेला. गुंडेराव मात्र अर्धा तास स्टेअरिंग धरून बसले होते. तेव्हापासून इंजिनाचा आवाज जरा बदलला की त्यांचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा.

दोन हजार एक साली ते गावी परतले. लिलावातली एक जुनी डिझेल जीप घेतली. बिदरला राहणाऱ्या चार मास्तरांना सकाळी कमठाण्याच्या शाळेत आणायचं, संध्याकाळी पोचवायचं, मधल्या वेळात मिळेल ते भाडं करायचं. बारा किलोमीटरचा ओळखीचा रस्ता. त्यावर ते सावकाश चालवायचे, आणि मास्तर लोक त्याला शिस्त म्हणायचे.

त्यांची मुलगी राजश्री रसायनशास्त्रात पदवीधर झाली आणि बिदरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत लागली. तिथे करंजीच्या झाडाच्या बियांचं तेल काढून त्याचं डिझेलसारखं इंधन करायचं काम चाललं होतं. ती आठवडाभर मावशीकडे राहायची, रविवारी घरी यायची. दोन हजार आठच्या डिसेंबरात अशाच एका रविवारी तिने विषय काढला.

"अप्पा, आपली जीप देताव का प्रयोगाला?"

"कामून? दुसऱ्या गाड्या न्हाईत का?"

"कुणी द्यायला तयार न्हाई. म्हणायलेत, आधी तुमच्या घरची चालवून दाखवा."

गुंडेरावांना नाही म्हणायचं होतं. पण पोरीने आजवर कधी काही मागितलं नव्हतं. शिवाय 'मला भ्या वाटतंय' हे बाप मुलीला कुठल्या तोंडाने सांगणार?

"बरं," ते म्हणाले.

राजश्रीने वीस लिटरचा कॅन आणून दिला आणि एक वही. चार लिटर डिझेलमध्ये एक लिटर हे तेल घालायचं. रोज किती किलोमीटर झाले, गाडी कशी चालली, ते वहीत लिहायचं. दर रविवारी ती वही बघणार.

पहिल्या दिवशी जीपच्या धुराला भजी तळल्यासारखा वास आला. धूर कमीही वाटत होता. मास्तरांनी चेष्टा केली, "गुंडेराव, नाष्ट्याची सोय केलीत काय आज?" गुंडेराव हसले. त्यांचे कान मात्र इंजिनाकडे होते. संध्याकाळी घरी येईपर्यंत सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली होती, तीही थंडीच्या दिवसांत.

पंधरा दिवस असे गेले. मग एका गारठ्याच्या सकाळी, मास्तर मागे बसलेले असताना, जीपने दोन हिसके दिले आणि ती बंद पडली. सरळ सपाट रस्ता. पुढे-मागे कुणी नाही. दोन मिनिटांनी किल्ली फिरवली तर लगेच चालू झाली. मास्तरांचं बोलणंसुद्धा थांबलं नाही. पण त्या दोन मिनिटांत गुंडेरावांच्या कानात मागे घरंगळणाऱ्या चाकांचा आवाज घुमत होता.

त्या दिवसापासून त्यांनी ते तेल घालणं बंद केलं.

राजश्रीला सांगितलं नाही. पंपावरून निव्वळ डिझेल भरायचे आणि वहीत लिहायचे, 'गाडी चांगली चालली.' तिने आणलेला कॅन गोठ्यात कडब्याच्या गंजीआड ठेवायचे. वीस-बावीस दिवसांनी दुसरा कॅन यायचा, तोही तिथेच जायचा. मार्चपर्यंत तिथे पाच कॅन झाले.

आता दुसरी भीती सुरू झाली, आणि ही पहिलीपेक्षा वाईट होती. रविवारी राजश्री वही चाळायला लागली की ते उठून बाहेर जायचे. सावित्रीबाई कडबा काढायला गोठ्याकडे निघाली की "मी आणतो" म्हणून पुढे धावायचे. एका रविवारी राजश्रीचे वरिष्ठ, चन्नबसप्पा सर, स्वतः घरी आले. उप्पीट खाल्लं, वही बघितली, खूश झाले.

"तुमच्या जीपमुळं आमचं काम उभं राहिलंय बघा. एप्रिलात बेंगळूरहून माणसं येणार आहेत. इंजिन उघडून आतून बघतील."

"उघडून?" गुंडेरावांनी विचारलं.

"हो. आत काय फरक पडला ते उघडल्याशिवाय कसं कळणार?"

सर गेल्यावर गुंडेराव बराच वेळ जीपजवळ उभे होते. उघडून बघणाऱ्याला डिझेल कुठलं आणि करंजी कुठली हे ओळखू येत असेल का? येत असेल तर पोरीचं काय होईल? नोकरी राहील का? नुसत्या विचाराने त्यांना जेवण जाईना.

एप्रिल उजाडायला आठवडा राहिला होता. त्या दिवशी सकाळी मास्तरांना शाळेत सोडून ते घरी आले. टाकीचा काटा तळाला टेकला होता. सकाळच्या घाईत पंपावर थांबायचं राहिलं, म्हणून दुपारी बिदरहून कुणाकडून तरी डिझेल मागवायचं ठरवलं होतं. सावित्रीबाई शेजारच्या सिद्धम्माबरोबर ओढ्याकाठी करंजीच्या शेंगा वेचायला गेली होती. प्रयोगशाळा शेंगा विकत घ्यायची, आणि लेकीच्या कामाला हातभार म्हणून सावित्रीबाई हौसेने जायची.

दहाच्या सुमारास सिद्धम्मा धापा टाकत अंगणात आली.

"अण्णा! अक्काला पान लागलंय! पाचोळ्यात हात घातला, अन् पायाला धरलं त्यानं!"

पान लागलं म्हणजे साप चावला. गावात त्याचं नाव घेत नाहीत. तेवढ्यात मेंढरंवाला काशाप्पा सावित्रीबाईला पाठीवर घेऊन आला. डावा घोटा सुजला होता. ती शुद्धीवर होती, पण तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मंत्र घालणाऱ्याकडं न्यावं का?" जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई. दवाखान्यात," गुंडेराव म्हणाले.

गावातली दुसरी जीप भाड्याने गेली होती. पंप बिदरमध्ये. त्यांच्या जीपमध्ये बिदर गाठेल एवढं डिझेल नव्हतं. ते गोठ्यात धावले, कडब्याच्या पेंढ्या दोन्ही हातांनी बाजूला फेकल्या आणि एक कॅन ओढून काढला.

झाकण काशाप्पाने उघडलं. पाचात एक घालायचं तेल ते आता जवळजवळ निव्वळ ओतत होते. डिसेंबरात दोन मिनिटं दगा दिलेलं तेल. सावित्रीला वाटेत काही झालं तर ते आपल्याच हाताने झालं, असं त्यांना वाटत होतं. तरी त्यांनी पूर्ण कॅन रिकामा केला.

सिद्धम्मा सावित्रीबाईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली. काशाप्पा पुढे बसला. जीप निघाली.

पहिले सहा किलोमीटर ती नीट पळाली. सातव्या किलोमीटरला वीटभट्टीपाशी इंजिनाने एक हिसका दिला. मग दुसरा. मग शांत झालं.

"राजीचे अप्पा," मागून सावित्रीबाईचा आवाज आला, "कामून थांबलाव?"

गुंडेरावांनी किल्ली फिरवली. नाही. पुन्हा फिरवली. नाही.

मग त्यांना आठवलं. पहिल्या कॅनबरोबर राजश्रीने एक नवा फिल्टर दिला होता. 'गाडी अडली तर आधी हे बदला,' म्हणाली होती. सीटखाली फडक्यात गुंडाळलेला तो फिल्टर तसाच पडला होता. त्यांनी बॉनेट उघडलं. जुना फिल्टर काढला तर आत काळा चिखल. नवा बसवला. हवा काढायचा नट सैल केला आणि छोटा हातपंप दाबायला सुरुवात केली. बुडबुडे येत होते. दाबत राहिले. मागे सिद्धम्मा मोठमोठ्याने सावित्रीबाईशी बोलत होती, तिने डोळे मिटू नयेत म्हणून. बुडबुडे थांबले. नट आवळताना गुंडेरावांचं बोट कापलं, ते त्यांना दवाखान्यात गेल्यावर दिसलं.

"अण्णा, मारा आता," काशाप्पा म्हणाला.

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि चालू झालं.

बिदरच्या सरकारी दवाखान्यात सावित्रीबाईला लगेच इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, जिवाचा धोका टळला, पायाला मात्र वेळ लागेल. राजश्री दुपारीच धावत आली होती. तिने बापाचा हात धरला.

"अप्पा, आपल्या तेलावर आणलंव आईला?"

बाकावर बसलेल्या गुंडेरावांनी तेव्हा सगळं सांगितलं. पाच कॅन, खोटी वही, डिसेंबरातली ती सकाळ. जहीराबादचा म्हाताराही सांगितला.

"मला भ्या वाटायलं होतं, राजी," ते म्हणाले. "तुला कसं सांगू?"

राजश्रीने हात सोडला. "तीन महिन्यांचे आकडे मी सरांना दिलेत, अप्पा. माझ्या सहीनं दिलेत." ती उठून खिडकीपाशी गेली. बऱ्याच वेळाने परत येऊन बसली, तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "माझंही चुकलंय. हे तेल टाकीतली जुनी घाण सोडवतंय. आधी टाकी धुवायला पायजे होती. पण दोन दिवस जीप उभी ठेवा म्हटलं तर तुम्ही प्रयोगालाच न्हाई म्हणाल, म्हणून मी बोललेच न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिने सरांना खरं सांगितलं. सर आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. जीपचे सगळे आकडे खोडले गेले, बेंगळूरच्या माणसांची भेट पुढे ढकलली. नोकरी राहिली. मे महिन्यात मेकॅनिकने टाकी खाली उतरवली, तर तळाला चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघाला. रबराच्या नळ्याही फुगल्या होत्या. त्या बदलल्या.

जूनमध्ये प्रयोग नव्याने सुरू झाला. या वेळी वहीत गुंडेराव जे झालं तेच लिहीत. 'आज आवाज बदलल्यासारखा वाटला. भ्यालो. काही झालं नाही.' राजश्रीने 'भ्यालो' हा शब्द कधी खोडला नाही. जीप त्या तेलावर पुढे तीन वर्षं चालली, आणि गुंडेराव जवळजवळ रोज भ्याले. मेकॅनिक म्हणायचा, इतकं ऐकून चालवणारा डायव्हर मी बघितला नाही.

दोन हजार बारामध्ये प्रयोग संपला. राजश्री पुण्याला नोकरीला गेली आणि तिथे तिने स्वतःची गाडी घेतली. सावित्रीबाईचा पाय अजूनही पावसाळ्यात सुजतो. राजश्रीचा फोन आला आणि मागे रस्त्याची गडबड ऐकू आली, की गुंडेराव खुशाली विचारत नाहीत.

"आधी गाडी बाजूला घे," ते म्हणतात. "इंजिन बंद कर. मग बोल."