फोर्थविथ

कोर्टाबाहेर मी टायपिंग करायचो. एकदा सरूबाई निकालाचा कागद घेऊन आल्या. नवऱ्याने पळवून नेलेली त्यांची तीन वर्षांची मुलगी त्यांना परत मिळणार होती. एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "दादा, हे काय लिहिलंय?"

"फोर्थविथ. म्हणजे ताबडतोब."

"म्हंजे आजच?"

"आजच," मी ठामपणे म्हणालो.

नवरा वरच्या कोर्टात गेला, स्थगिती आली, तारखा पडत राहिल्या. क्रियाविशेषण क्रियेबद्दल सांगतं, असं शाळेत शिकलो होतो. इथे क्रियाच घडत नव्हती. अखेर ताबा मिळाला तेव्हा दोन वर्षं उलटली होती. कोर्टाच्या पायरीवर सरूबाईंनी हात पसरले. मुलगी बापाचा शर्ट घट्ट धरून त्यांना म्हणाली, "काकू, मला घरी जायचंय."