आबांची भांग

माझे वडील लष्करात ट्रक चालवत. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पेन्शन घेऊन ते साताऱ्याकडच्या आमच्या गावी परतले, ऊस बघू लागले आणि रोज संध्याकाळी भांगेची बोराएवढी गोळी गुळाबरोबर खाऊ लागले. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. महादेवाच्या देवळामागे चार माजी सैनिक जमायचे, पाट्यावर भांग वाटायचे आणि दिवेलागणीला गपचूप घरी जायचे. आबा जेवून झोपत. भांडण नाही, आरडाओरडा नाही.

विसरत मात्र फार. मीठ आणायला जाऊन चहापत्ती घेऊन येत. विहिरीवरची मोटार चालू ठेवून बांधावर बसून राहत आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात जाई. आई हसून म्हणायची, "ह्यास्नी दुकानात धाडायचं म्हंजे मागनं मलाच जावं लागतंय."

मी सांगलीत औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवायला लागलो होतो. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. भांग-गांजावर माझा एक तास असे. भांगेतलं द्रव्य मेंदूत स्मरणाचं काम चालतं त्या भागाला गुंगवतं, नवी आठवण धरू देत नाही, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगायचो. ते खरंच होतं. पण शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर चहापत्तीची पुडी घेऊन आलेले आबा असत आणि मला त्यांची लाज वाटे.

माझं लग्न ठरायच्या वेळी सांगलीची मंडळी घर बघायला आली. मुलीचे वडील हायस्कूलमध्ये शिक्षक. आबांनी त्यांना विचारलं, "पावनं, गाव कंचं म्हनायचं तुमचं?" त्यांनी सांगितलं. पोहे खाऊन झाल्यावर आबांनी पुन्हा तेच विचारलं. चहा झाल्यावर पुन्हा. शिक्षक मिशीतल्या मिशीत हसले आणि बायकोकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना गावच्या खंडोबाच्या देवळात घेऊन गेलो. आमच्याकडे तोंडी शब्दाला किंमत असते, पण बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मरेपर्यंत मोडत नाहीत. पोरीला नांदवायचं असो, दारू सोडायची असो, माणसाला तिथं उभं करतात. मी शिकलेला, शपथांवर विश्वास नसलेला. पण आबांचा आहे हे मला ठाऊक होतं. त्याचाच मी उपयोग केला.

"हे कशाला रं?" आबा म्हणाले. "भांग न्हाई खात म्हनलो की."

"उद्या विसराल तुमी. उचला."

"बरं. कुनाची आन घिऊ?"

"माझी."

आबांनी देवापुढे हात जोडले. मग बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन म्हणाले, "पुन्हा शिवलो तर पोराच्या जिवाची आन."

महिन्या-दोन महिन्यांत त्यांची बुद्धी लख्ख झाली. पाण्याची पाळी स्वतःहून लक्षात राहू लागली. माझ्या सासऱ्यांना त्यांनी गावासकट ओळखलं. देवळामागच्या मंडळींतले एक काका मला एसटीच्या थांब्यावर भेटले. "गड्या, तुझा बाप आमच्यात येईनासा झाला. सांगलीस्नं काय आनून पाजलंस?"

"पाणी," मी म्हणालो.

"मग आमालाबी धाड की घागरभर. बघू चढतंय का."

मी हसलो. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

आबांची झोप उडाली आहे, अंगाला घाम फुटतो, असं आई सांगायची. मी म्हणायचो, सवय मोडताना होतं तसं.

मग ऊस तुटला आणि रानारानांत पाचट, म्हणजे मागे उरलेला उसाचा वाळका पाला, पेटवायला सुरुवात झाली. दरवर्षी आमचं पाचट आबाच पेटवत. त्या दुपारी ते ओसरीवर आडवे झाले होते आणि शेजाऱ्याने त्याचं रान पेटवलं. धूर आत आला तसे आबा उठले आणि धावत सुटले. आई मागे धावली. ते जळत्या पाचटात शिरून हातांनी ते उपसत होते आणि ओरडत होते, "दार उघड, लेका, दार उघड." माणसांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. दोन्ही तळहात भाजले होते.

एकाहत्तरच्या लढाईत आबांच्या पुढचा ट्रक पेटला होता आणि तो चालवणारा त्यांचा सोबती आत अडकला होता. हे मला तेव्हा कळलं, आईकडून. तिलाही त्यांनी एकदाच सांगितलं होतं.

त्यानंतर आग म्हटलं की आबांचा ताबा सुटू लागला. आई चुलीत काडी घालायला गेली तर ते तिचं मनगट धरत. एकदा इतकं पिरगाळलं की ते सुजून निळं पडलं. ती शेजारणीच्या चुलीवर भाकरी थापू लागली आणि पदराखाली झाकून घरी आणू लागली. नवरा जेवत असताना आपण धुरकट वास घेऊन त्याच्याजवळ बसायचं की नाही, याचाही ती विचार करायची. मी आबांना मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी ते दिवसभर पेंगत, जाग आली की पुन्हा तेच.

"तुझ्या त्या शपथंनं हे झालं," आई एकदा मला म्हणाली. "द्यायची ती भांग त्यास्नी परत. दुकानातलं विसरू देत. मी हाय की."

त्याच सुमारास कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी नियतकालिकात मी वाचलं, की भांगेतल्या द्रव्यासारखं एक द्रव्य माणसाचा मेंदू स्वतःच तयार करतो. शास्त्रज्ञांनी त्याला संस्कृतातल्या आनंद या शब्दावरून नाव दिलं आहे. पुढे या विषयाचं बरंच कळत गेलं. एका पेशीने दुसरीला हाक मारली की ऐकणारी पेशी हे द्रव्य उलट पाठवून सांगते, पुरे, आता थांब. जिथे आठवण धरली जाते आणि जिथे भीती साठते, तिथे हे काम फार चालतं. घडलेलं पुसण्याचं नव्हे, तर ते संपलं आहे हे शरीराला पटवण्याचं. आबांच्या मेंदूला हे पटवणं बहुधा एकट्याने जमत नव्हतं. भांगेनेच ते साधलं होतं असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. इतक्या वर्षांची सवय एका सकाळी तोडली, तर झोप आणि मन दोन्ही हादरतात, हेही त्यात असेल. पण तेही मला ठाऊक असायला हवं होतं. मी तेच शिकवत होतो.

ते नियतकालिक वाचल्यावर पुढच्याच रविवारी मी गावी गेलो. आबा भिंतीला पाठ लावून बसले होते. मी त्यांना ते द्रव्य, ते नाव, सगळं सोपं करून सांगितलं. मग म्हणालो, "आबा, माझं चुकलं. तुमी भांगेची गोळी परत सुरू करा."

"बेलभंडारा उचललाय."

"माझा त्याच्यावर विश्वास नाही."

"माजा हाय की." ते शांतपणे म्हणाले. "तुला काय झालं तर मी कुनाकडं बघू?"

"शपथ मीच सोडवतो. देवळात येऊन."

"आन तुजी घेतल्याली. तुलाच कशी सोडवता यील? देवाला फसवायला शिकीवत्यात व्हय रं सांगलीत?"

त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखर माझी काळजी वाटत होती. मी आईकडे बघितलं. ती उठून भाकरी आणायला शेजारी गेली.

दशक संपता संपता आबा गेले. तोवर मी शनिवार-रविवार गावी जात राहिलो. उंबऱ्यात पाय ठेवला की ते भिंतीपाशी बसल्या जागेवरून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत.

"बरा हायस न्हवं? ताप, खोकला, काय न्हाई?"

"काही नाही, आबा."

मग ते मान हलवत आणि तेवढा वेळ त्यांचे खांदे सैल पडत.