पिशवीतले तीन फ्यूज

जळालेली मोटार दुकानात आली की काकू आधी तिचा वास घ्यायच्या. झाकण काढायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे. मग मान वर करून, मोटार घेऊन आलेल्या माणसाला शांतपणे विचारायचं, "कुणी मारली?"

माणूस गडबडायचा. "मारली न्हाई काकू, जळली. लाइट कमी-जास्त झाली."

"मोटार आपुन होऊन मरत न्हाई. मारावी लागती. प्रिव्हेंटर कुठंय?"

इथे माणूस पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागायचा.

तुमचा शेतातल्या विजेशी संबंध आला नसेल तर सांगतो. प्रिव्हेंटर म्हणजे एक लहानशी डबी. शेतातल्या मोटारीला तीन तारांतून वीज मिळते. त्यातली एक गेली तर मोटार उरलेल्या दोन तारांवर कुंथत राहते, तापते आणि जळते. ही डबी तार गेल्याचं ओळखते आणि मोटार बंद करते. तिला हे एवढं एकच काम येतं, आणि ते ती चोख करते म्हणून आमच्या भागात तिला कुणी नांदू देत नाही. ऐन पाण्याच्या पाळीला मोटार बंद पाडणारी डबी काय कामाची, असं म्हणून लोक तिच्या तारा सोडवून एकमेकींना जोडून टाकतात. याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. दहावी नापास माणूसही ते डोळे मिटून करतो. पदवीधर जरा अभिमानाने करतो.

"म्हंजी डायरेक्ट केली," काकू म्हणायच्या. "चांगलं केलाव. राखणदाराला घरी धाडलं, आन् आता चोरी झाली म्हून सांगाय आलाव."

नांदूरघाटच्या बाजारपेठेत त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार वेटोळी करून भरायची, असं ते काम. ते बाई करते हे गिऱ्हाइकांना पहिली काही वर्षं पचत नव्हतं. दुकान मुळात त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा ते खुर्चीत बसून सांगत आणि काकू तार भरत. वर्षभरात सांगण्यासारखं काही उरलं नाही, तरी खुर्ची राहिली. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "मालक हायत का?" काकू खुर्चीकडे बोट दाखवायच्या. गिऱ्हाईक मालकांना सगळी हकीकत सांगायचं. मालक गंभीरपणे ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बघतो." तोवर काकूंनी मोटार अर्धी उघडलेली असायची.

मालक वारल्यावरही ती खुर्ची काकूंनी जागची हलवली नाही. काही जुनी गिऱ्हाइकं सवयीने खुर्चीकडे बघूनच बोलायची. काकूंची त्याला हरकत नव्हती. त्या म्हणायच्या, "बोलू द्या. ते ऐकत असतील तर त्यास्नी बी करमंल."

मी शेजारच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. विजेचा धडा मी इतकी वर्षं शिकवलाय की मला तो झोपेतही येतो, आणि मुलांना तो झोपेतच ऐकायची सवय आहे. असा मी. तर एकदा माझ्या घरी उंदराने मिक्सरची वायर कुरतडली आणि आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या. फ्यूज उडायला हवा होता आणि गोष्ट तिथंच संपायला हवी होती. त्याऐवजी भिंतीतली वायर करपत गेली आणि स्वयंपाकघर धुराने भरलं. काकूंना बोलावलं. त्यांनी मीटरखालचा फ्यूज ओढून काढला. त्यात बारीक तारेच्या जागी मी चांगली जाड तांब्याची तार पिळून बसवली होती. बारीक तार सारखी वितळायची आणि मला सारखं स्टुलावर चढावं लागायचं, म्हणून.

काकूंनी ती तार माझ्या तळहातावर ठेवली. "सर, ह्याला काय म्हन्त्यात?"

"फ्यूज," मी म्हणालो.

"ह्यो फ्यूज न्हाई, खिळा हाय. फ्यूजनं मरायचं असतं, घर वाचवाया. तुमच्या घरात फ्यूज जगला आन् भिंत जळाली." मग माझ्या बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "पोरास्नी काय शिकिवत्यात ओ हे?"

त्या दिवसापासून आमच्या घरात काकूंचा एक मतदार पक्का झाला.

त्यांच्या जिभेला माणसाची उंची कळायची नाही. एका पुढाऱ्याने भलामोठा इन्व्हर्टर बसवला आणि तो तासभरही चालत नाही अशी तक्रार घेऊन तो दुकानात आला. काकूंनी त्यावर काय काय चालतं ते विचारून घेतलं. दोन फ्रीज, घरातली पाण्याची मोटार, आणि दारापुढे कायम लावलेली दिव्यांची माळ.

"भाऊ, बॅटरी म्हंजी रांजण हाय," काकू म्हणाल्या. "तिच्यात जेवढी भरली तेवढीच लाइट. इन्व्हर्टर ती घरात चालंल अशी करून देतो, वाढवून देत न्हाई. तुमच्यासारखं त्याला आश्वासन देता येत न्हाई."

पुढारी हसला. त्याला हसावंच लागलं, दुकानात पाच-सहा माणसं बसली होती.

आता शाळेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय काकू कळणार नाहीत. तीत मी काही फार बरा दिसत नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

एका दात्याने आमच्या शाळेला संगणक कक्ष दिला. छतावर सौर पट्ट्या, खाली इन्व्हर्टर, आणि व्हरांड्यात थंड पाण्याचा स्टीलचा कूलर. ठेकेदाराने मैदानाच्या कडेला अर्थिंगचा खड्डाही केला. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जायला वाट हवी, त्यासाठी हा खड्डा. वर लोखंडी झाकण आणि झाकणावर पांढऱ्या रंगात सुवाच्य अक्षरं, 'अर्थिंग'. हेडसरांनी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून वर पाठवले. आत कुणी डोकावलं नाही, कारण आतला फोटो कुणी मागितला नव्हता.

कूलर आल्यापासून पोरांना नवा खेळ सापडला. दहा-बारा जण हात धरून ओळीने उभे राहायचे, पहिल्याने नळाला बोट लावायचं, आणि झिणझिण्या शेवटच्यापर्यंत पोचल्या की सगळे खिदळायचे. मी ते पाहिलं होतं. पाहून मी काय केलं, तर त्याच पोरांना वर्गात फळ्यापुढे उभं करून एकसर जोडणी समजावली. इतका जिवंत पाठ आजवर झाला नव्हता, असं स्टाफरूममध्ये सांगितलंही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काकू शाळेच्या बोअरची मोटार बघायला आल्या. व्हरांड्यात पोरांची ओळ उभी होती. नळाजवळ सातवीतली एक मुलगी, अनवाणी, ओल्या फरशीवर. काकू ओरडल्या नाहीत. सरळ बोर्डाकडे गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. मग मैदानाच्या कडेला जाऊन ते सुवाच्य झाकण उचललं. आतला पाइप धरून ओढला, तर तो गाजरासारखा वर आला. हातभर लांब. खाली ना तांब्याची पट्टी, ना ओल धरायला कोळसा-मीठ. नुसती कोरडी माती.

तोवर हेडसर आले होते. त्यांच्यामागे आम्ही.

"झाड लावलंय का हेडसर?" काकूंनी पाइप पुढे धरला. "रोज पाणी घालीत जा. फुटंल."

हेडसर म्हणाले, "काकू, कागदोपत्री अर्थिंग पूर्ण आहे. उद्या पाहुणे येताहेत. कार्यक्रम होऊ द्या, मग बघू."

"कागदाला शॉक बसत न्हाई," काकू म्हणाल्या.

त्या परत बोर्डाकडे गेल्या, चिनी मातीचे तीनही फ्यूज ओढून काढले, जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवले आणि फाटकाबाहेर पडून गावाकडे जाणाऱ्या प्रवासी जीपमध्ये बसल्या. आम्ही सगळे शिक्षक तिथं उभे होतो. कुणी हललं नाही. निर्णय घ्यायची आम्हाला सवय नव्हती.

फ्यूज परत आणायला मला पाठवलं. कारण मी विज्ञानाचा.

दुकानात काकू एका मोटारीत तार भरत होत्या. फ्यूज समोर लाकडी फळीवर ओळीने मांडले होते.

"अर्थिंग करा, फ्यूज न्या," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

"काकू, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"एका दिसात किती पोरं पाणी पित्यात?"

 मग मला वाटलं, बाई एवढी अडून बसलीय त्याला काही कारण असणार. मी हळू आवाजात विचारलं, "काकू, तुमच्या घरचं कुणी... असं शॉकनं गेलं होतं का?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणी गेलं न्हाई. गेल्यावरच बोलायचं असतं का सर?"

मी रिकाम्या हाताने परत आलो.

सौर पट्ट्यांची वीजही त्याच बोर्डातून यायची, त्यामुळे उद्घाटन विजेशिवाय झालं. माइक नव्हता, पंखे नव्हते, संगणकांचे काळे पडदे पाहुण्यांना त्यांचीच तोंडं दाखवत होते. पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांत उरकलं. इतकं चांगलं भाषण आमच्या शाळेने त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलेलं नाही.

पण हेडसरांचा अपमान झाला होता. त्यांनी तक्रार लिहिली, शाळेच्या मालमत्तेची चोरी. साक्षीदार म्हणून सह्या हव्या होत्या. पहिली सही माझी. मी वाचून, विचार करून, नीट वळणदार सही केली. बदलीची यादी निघायची होती आणि मला बदली हवी होती, हे माझं कारण. बाकीच्यांची कारणं त्यांना माहीत.

काकूंना पोलीस चौकीत बोलावलं. सकाळपासून दुपारपर्यंत त्या तिथल्या बाकावर बसल्या. मला हे दुसऱ्या दिवशी बायकोकडून कळलं. चौकीतला पंखा कुरकुरत होता, तो काकूंनी बसल्या बसल्या नीट करून दिला, असंही ती म्हणाली. सांगून झाल्यावर तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि आत गेली. त्या जेवणाची चव मला आठवत नाही.

सोमवारी केजहून माणूस येऊन नवे फ्यूज बसवून गेला. मधली सुट्टी व्हायची होती. मी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर काढला, ओल्या मातीत एक लोखंडी सळई खोचली, मीटरची एक तार सळईला आणि दुसरी कूलरच्या नळाला लावली. आकडा वाढत गेला आणि शंभर व्होल्टच्या पुढे जाऊन थांबला. मी तारा काढून परत लावल्या. आकडा तोच. मी पुस्तकातला माणूस. मला आकडा दिसल्याशिवाय भीती वाटत नाही. त्या दिवशी वाटली. त्या ओळीतली दहा-बारा तोंडं मला एकेक करून दिसली, आणि त्यांना फळ्यापुढे उभं करून हसणारा मीही दिसलो.

घंटा व्हायच्या आत मी बोर्डाकडे गेलो, मेन स्विच पाडला, नवे फ्यूज ओढले आणि पँटच्या खिशात घातले. मग हेडसरांच्या केबिनमध्ये जाऊन मीटर त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सर, आता माझ्यावरही तक्रार करा," मी म्हणालो. "फक्त साक्षीदार दुसरा शोधा."

 हेडसरांनी मीटर उलटासुलटा करून पाहिला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कागद खरा वाटायचा. आणि आता एकाच आठवड्यात, एकाच कारणाच्या दोन तक्रारी कागदावर कशा दिसतील, हे त्यांना दिसू लागलं होतं.

त्या आठवड्यात खरा खड्डा खणला गेला. काकू कडेला उभ्या राहून सांगत होत्या, कोळसा किती, मीठ किती, तांब्याची पट्टी कुठवर. मी मातीची पाटी उचलली. तक्रार कुणी मागे घेतली नाही. ती हरवली. आमच्याकडे कागद मागे घेत नाहीत, हरवतात. माझी बदली मात्र झाली नाही, म्हणजे ती सही मी फुकटच केली होती.

पुढे भागात सौर पंप आले. त्यांच्या मोटारींना सोबत कंपनीचा माणूस येतो, आणि जळायचीही त्यांना फारशी सवय नाही. काकूंचं काम कमी होत गेलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बारीक तारेचे वेढे बोटांनी मोजून त्यांनी काही महिने रेटलं. त्यांची मुलगी अंबाजोगाईत नर्स आहे. ती न्यायला आली.

टेम्पो भरायला मी गेलो होतो. भरण्यासारखं फार नव्हतंच. भांडी, दोन ट्रंका, ती खुर्ची. सगळं चढवून झाल्यावर मी काकूंपाशी गेलो. इतकी वर्षं बोलायचं राहिलेलं ओठापर्यंत आलं.

"काकू, त्या वेळी त्या तक्रारीवर..."

"सही मी बघितलती सर," त्या म्हणाल्या. "चौकीत हवालदारानं कागद दाखवला होता. पहिलीच होती." मग त्या म्हणाल्या, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं."

मला हसावं की काय करावं ते कळेना. काकूंना कळलं असावं, कारण त्यांनी माझा दंड धरला आणि टेम्पोत चढायला माझ्या खांद्याचा आधार घेतला. हलक्या होत्या अगदी.

पुढच्या सीटवर बसल्यावर त्यांनी तार गुंडाळायचं हातयंत्र मांडीवर मागून घेतलं. मुलगी म्हणाली, "आई, मागं ठेव की ते. तिथं काय करनार हायस त्याचं?"

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. "असू दे."

टेम्पो केजच्या रस्त्याला लागला. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. खिडकीतून त्यांचा हात दिसत होता. यंत्राला तार नव्हती, तरी तो हात दांडा सावकाश फिरवत होता, एकेक वेढा मोजल्यासारखा.