गावितबाईंचा जेवणाचा नेम

पहिल्याच दिवशी गावितबाईंनी मला विचारलं, "शेवटचं कधी जेवलीस?" सकाळी दहाला, म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातला वजनांचा लोखंडी बार काढून घेतला, गूळ-शेंगदाणे दिले आणि तासभर नुसतं बसवून ठेवलं.

ही सत्याण्णव सालची गोष्ट. बाई आमच्या नाशिकच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, मूळच्या पेठकडच्या. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या आम्हा सात-आठ मुलींना वेटलिफ्टिंग शिकवत. बहुतेकजणी वसतिगृहातल्या. तिथं जेवण सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला, आणि आमचा सराव पाचला. अधीक्षकांनी वेळ बदलायला नकार दिला, तेव्हा बाई घरून डबे आणू लागल्या. साडेतीनला नागलीची भाकरी आणि उसळ. सराव संपला की अर्ध्या तासाच्या आत उकडलेली अंडी, दूध. कुणी कपडे बदलण्यात रेंगाळली तर म्हणत, "लोखंडानं अंग उसवतं, भाकरीनं शिवलं जातं. उशीर केलास तर टाका बसत नाही." एखादी उपास करून आली तर तिला सरळ परत पाठवत.

आमच्यात सुमन सगळ्यांत गुणी. पेठच्या पुढच्या एका पाड्यावरची, आली तेव्हा काटकुळी. दीड वर्षात तिचे खांदे भरले, मांड्या भरल्या. बाई तिच्याकडे बघत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच भूक दिसायची.

राज्याच्या निवड चाचणीआधी सुमनचं वजन तिच्या वजनगटापेक्षा दोन किलो जास्त भरलं. वरच्या गटात तगड्या मुली होत्या. खालच्या गटात तिचा नंबर नक्की होता. बाईंनी तिचं जेवण बंद केलं. दोन दिवस लिंबाचं पाणी, तेही घोटभर, आणि दोन स्वेटर घालून मैदानाच्या फेऱ्या. आम्ही बघत होतो.

वजन बरोबर भरलं. दुसऱ्या प्रयत्नात बार डोक्यावर गेला आणि तिचं उजवं कोपर उलटं वळलं. तो आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला.

दवाखान्यात तिचे वडील आले. बाई माफी मागू लागल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "उपाशीच ठेवायची व्हती बाई, तर आमच्या घरी काय वाईट व्हती?"

सुमनचा हात पुन्हा सरळ झाला नाही. तिनं शाळा सोडली. बाईंनी शेडला कुलूप लावलं आणि निवृत्त होईपर्यंत फक्त कवायत घेतली.

दोन हजार सहा साली बाई गेल्या. त्याआधी काही महिने मी त्यांना भेटायला गेले होते. आजारानं पार वाळल्या होत्या. सुमन दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला येते असं कळल्यावर त्या तिला शोधत गेल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. मजुरांची जेवणाची सुट्टी होती. सुमननं बाईंना शेजारी बसवून घेतलं, मुलांची नावं सांगितली. मग विचारलं, "बाई, त्या दिवशी डोळ्यांपुढं अंधारी येते असं मी म्हटलं होतं. गर्दीत तुम्हाला ऐकू गेलं नसंल ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.



"ऐकलं होतं, असं सांगितलं तिला. एवढं तरी खरं सांगणं भाग होतं."

मुकादमानं हाक मारल्यावर सुमन उठली आणि वेलींच्या ओळीत निघून गेली.