हेडसर आणि ख-चा ससा

मध्य प्रदेशात, किरनापूरजवळच्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत माझी पहिली नेमणूक झाली. बालाघाटहून मी रोज बसने जायचे. शाळा हिंदी माध्यमाची, शिकवणारे आम्ही चौघं. हेडसर पन्नाशी ओलांडलेले, आणि आमच्याशी बोलत ते थेट गावची मराठी.

शनिवारी मुलं घरी गेली की सर आम्हाला व्हरांड्यात बसवत. आठवड्यात काय फसलं, ते प्रत्येकानं सांगायचं. सुरुवात ते स्वतःपासून करत.

"पाचवीले भागाकार शिकवला. अर्ध्या पोरायले समजलाच नाही. कोणाले चांगली तरकीब माहीत असन त सांगा."

मग चौथीच्या बाई चिंचोके मांडून दाखवत आणि सोमवारी सर वर्गात तसंच शिकवत. इतकी वर्षं नोकरी झालेला माणूस सगळ्यांसमोर असं विचारतो, याची मला गंमत वाटे. माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. माझी पाळी आली की मी मात्र म्हणे, "सर, पहिली ठीक आहे."

ठीक नव्हती. एक मुलगी ख-चं कार्ड दाखवलं की स म्हणायची. ग दाखवला की क. त दाखवला की फ. तीन आठवडे मी तिच्याकडून तीच कार्डं घोटून घेतली. एका शुक्रवारी माझा आवाज चढला आणि ती रडायला लागली.

तो आवाज सरांपर्यंत गेला असणार. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, आज काही त सांगाच."

मी सांगितलं. सरांनी कार्डं मागवली आणि शाळेत जेवण बनवणाऱ्या मावशीला हाक मारली. "मावशी, तुमच्या शेजारची पोर हाय. या बरं इकडं."

मावशीनं ओले हात पदराला पुसले, कार्ड पाहिलं आणि हसली. "हा त ससा हाय, सर."

ख-वर चित्र खरगोशाचं होतं, म्हणजे हिंदीतल्या सशाचं. ग-वर गमला, म्हणजे कुंडी. त-वर तितली, म्हणजे फुलपाखरू.

"तिच्या घरी मराठीच बोलतात," मावशी म्हणाली. "चित्र पाहूनच सांगत असन थे."

"मंग चुकली कुठं?" सर म्हणाले. "तिले आवाज त बरोबर समजून राह्यला."

मला मान वर करवेना. माझ्याही घरी सशाला ससाच म्हणतात. पण शाळेच्या फाटकात शिरताना मराठी बाहेर ठेवायची, असं मीच ठरवून टाकलं होतं. सर रागावले नाहीत. "म्याही असंच केलतं कधी काळी," एवढंच बोलले. मग तासभर बसून आम्ही मुलांच्या घरचे शब्द लिहून काढले. सर्वांत जास्त शब्द मावशीनं सांगितले.

सोमवारी मी त्या मुलीला जवळ बसवलं. "हा कोण?"

"ससा," ती घाबरत म्हणाली.

"हौ, ससाच. हिंदीत याले खरगोश म्हणतात. पह्यला आवाज कोणता?"

तिनं ओठ हलवून पाहिले. "ख!"

दिवाळीच्या आधी ती बोट ठेवून अख्खा धडा वाचू लागली. सर दाराशी उभं राहून ऐकत होते. ती बुजेल म्हणून आत आले नाहीत.

पुढच्या वर्षी दूरच्या जिल्ह्यातून एक नवे शिक्षक आले. घरच्या शब्दांचं त्यांना समजावून सांगायला सरांनी मलाच उभं केलं. मी बोलत होते, आणि सर मागच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होते.