रुमालाखालची करंगळी

बैलबाजारात आमचा सौदा तोंडानं होत नाही. दोन व्यापारी हातावर रुमाल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. करंगळी सोडून धरली तर चार, तीही धरली तर पाच. बघ्यांना काही कळत नाही. बापाच्या दावणीला एक बैल नसताना मी हा धंदा उभा केला, तो या उजव्या हातावर.

त्याच हातात एका बैलानं शिंग खुपसलं, कोपराच्या जरा खाली, करंगळीच्या बाजूला. बाजारातल्याच एका व्यापाऱ्यानं मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. माझं आणि त्याचं कधीच पटलेलं नाही.

डॉक्टरांनी बोटांच्या मध्ये कागद धरायला लावला आणि ओढून पाहिला. सुटला नाही.

"नस शाबूत आहे. करंगळीला कळतं ना, काका?"

करंगळी लाकूड झाली होती. पण तो व्यापारी दारात उभा राहून ऐकत होता.

"कळतं की. बराबर कळतं."

टाके पडले, जखम भरली. करंगळीला काही जाग येईना. दोनदा विचारायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "बोटं चालतात म्हणजे नस चांगली. तुमच्या मनानं घेतलंय." हे मी अजून विसरलो नाही.

मग हट्ट्याच्या बाजारातून आणलेली बैलजोडी विकायला उभी केली. गिऱ्हाईक म्हणून तोच व्यापारी आला. रुमाल पडला. त्यानं बोटं दाबली. तीन स्पष्ट कळली, चौथं अर्धं. पुढं काहीच नाही. चार की पाच? रुमाल उचलून बघावं तर बाजारभर बोभाटा. मी पाच समजून मान हलवली.

"चारच धरली होती, शेठ," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "झोपला होता का काय?"

लोक हसले. मान हलवली म्हणजे सौदा झाला; जोडी चारच्या भावात गेली.

नांदेडला एका डॉक्टर मॅडमनी हाताला विजेचे झटके देऊन तपासलं. कोपराशी करंगळीच्या नसेवर झटका दिला, बोट हललं नाही. मधल्या नसेवर दिला, तर करंगळी उडाली.

"तुमची नस तुटलेलीच आहे," त्या म्हणाल्या. "पण काही माणसांत मधल्या नसेची एक फांदी खाली जाऊन करंगळीच्या नसेला मिळते. तुम्हाला ती जन्मापासून आहे. तिच्यामुळं बोटं चालली. स्पर्श मात्र तिच्यातून येत नाही."

"आता जोडता येईल?"

"उशीर झालाय. हमी देता येणार नाही."

तो रिपोर्ट मी पहिल्या डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. त्यांनी वाचला, मग माझा जुना कागद काढून पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं: करंगळीला कळते, असे रुग्ण सांगतो.

"मी सांगितलं म्हणून काय झालं? सुई टोचून बघायला काय झालं होतं?" मी ओरडलो.

"बघायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "पण काका, तुम्ही खोटं काहून बोललात?"

मी रिपोर्ट उचलून बाहेर पडलो. त्यांना मी माफ केलेलं नाही.

पुढच्या बाजारात विकायला दुसरी जोडी नेली, रुमाल घरीच ठेवला. त्या व्यापाऱ्यानं हात पुढं केला.

"तोंडानं बोल," मी म्हणालो.

"काहून? हात आखडला व्हय?"

"करंगळीला कळत न्हाई माझ्या."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. मग त्यानं भाव सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. भाव लाजिरवाणा कमी होता, आणि मी तिथंच तोंडानं भावासाठी भांडायला उभा राहिलो.