दोन आकड्यांचा बोर्ड

कांबळे भेटला की एक किस्सा निघतो. मग त्याला धरून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. सगळे एकाच बोर्डाचे! एक बटण, एक चिप, दोन लाल आकडे.

नव्वदीतली गोष्ट. तळोज्याच्या कारखान्यातली पर्मनंट नोकरी सोडून कांबळेने घणसोली गावात खोली घेतली आणि मलाही ओढलं. पहिलं गिऱ्हाईक गावातल्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी टेबलावरचं बटण दाबलं की बाहेर पेशंटचा पुढचा नंबर दिसायला हवा, बस. "मुकादम, हा बोर्ड चालला तर आपलं दुकान. नाहीतर मी परत शिफ्टला!" कांबळे मला म्हणाला.

पहिल्यांदा करंट दिला तर शून्याच्या जागी नुसती मधली आडवी रेघ! आठ आणला तर पूर्ण अंधार. जे दिवे लागायचे ते विझत होते, विझायचे ते लागत होते. कांबळेने प्रोग्रॅम नेमका उलट्या जातीच्या डिस्प्लेसाठी लिहिला होता.

मी म्हटलं, "डिस्प्ले बदलून आणू."

"डिस्प्लेची काय चूक? चूक माझी आहे, मीच बदलणार!" आणि बसला परत लिहायला.

*

लिहिलेलं बदलायचं तर आधी चिप पुसायला हवी. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते, तिथून आत उजेड दिला की जुना प्रोग्रॅम पुसला जातो. त्याचं मशीन आमच्याकडे नव्हतं. कांबळे म्हणाला, "ऊन आहे ना!" आठवडाभर चिप गच्चीवर ठेवली, घरमालकीण बायजाकाकूंच्या सुकत घातलेल्या मांदेली मासळीशेजारी.

आठवड्याने बघितलं तर जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा! वर गेलो. चिप पालथी, खिडकी खाली.

"काकू, हिला कोणी हात लावला?"

"मीच परतली. एका बाजूनं कवाच सुकली व्हती!"

मला हसू आवरेना. कांबळे मात्र गंभीर. त्याने काकूंना खिडकी दाखवली आणि म्हणाला, "काकू, हिला परतायचं नाही. तुम्हीच लक्ष ठेवा." तेव्हापासून कावळासुद्धा चिपेजवळ फिरकला नाही.

*

बोर्ड एकदाचा दवाखान्यात लागला. बाईंनी बटण एकदा दाबलं. सातवरून थेट दहा!

"माझा नंबर खाल्ला!" आठ नंबरवाला ओरडला. नऊ नंबरवाली भांडायलाच उठली. बाई म्हणाल्या, "कांबळे, पंधरा दिवस देते. नाही जमलं तर काढून न्या."

येताना कांबळे म्हणाला, "माणूस एकदाच दाबतो रे. पण बटणाची पत्ती आत थरथरते. चिप एवढी फास्ट की तिला ती थरथर तीनदा दाबल्यासारखी वाटते."

उपाय सोपा होता. बटण दाबलेलं दिसलं की चिपेने जरा थांबायचं, पुन्हा बघायचं, मगच एक आकडा वाढवायचा. पण किती थांबायचं?

कांबळेने पणच केला. हजार वेळा दाबायचं, एकदाही उडी नको. तो दाबणार, मी वहीत रेघा मारणार. चारशे बाराव्या वेळी उडी! थांबण्याचा वेळ वाढवून प्रोग्रॅम नव्या आणलेल्या दुसऱ्या चिपेत भरला आणि परत एकपासून सुरुवात. माझी बोटं दुखायला लागली. त्याचा अंगठा सुजला होता, पण हजार झाल्याशिवाय त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

*

बाईंनी दिलेल्या पंधरा दिवसांतला शेवटचा सोमवार. दवाखाना भरलेला. बोर्ड चौदा, पंधरा, सोळा असा शिस्तीत चाललेला. सतरा आला आणि कोणी उठेचना! आतून बाई बाहेर आल्या.

"सतरा कोण?"

"मी हाय," कोपऱ्यातून बायजाकाकू म्हणाल्या. "पन बाय, जरा थांब. यो आकडा अजून उडनार हाय."

"काकू, आता नाही उडत! हजार वेळा दाबलंय!" कांबळे कळवळून म्हणाला.

"मंग आनखी एक डाव दाब. माज्यासमोर."

बाईंनी खूण केली. कांबळेने आत जाऊन सुजलेल्या अंगठ्याने बटण दाबलं आणि धावत बाहेर आला. अठरा. फक्त अठरा!

"चालतंय रं बाबा!" काकू खूश होऊन बाईंच्या खोलीच्या दाराकडे निघाल्या. एवढ्यात एक दांडगा माणूस आडवा आला.

"ओ काकू, कुठे? अठरा नंबर माझा आहे."

"माजा सतरा हाय, तो आधी!"

"सतरा गेला! तिकडे बघा." त्याने बोर्डाकडे बोट दाखवलं. "बोर्ड काय खोटं बोलतो?"

कांबळेने त्या माणसाला तिथेच घट्ट मिठी मारली.